टांगा, पण भिंतीला विचारून!

आंघोळीला उभं राहिल्यावर आपल्या डोक्यावर काय टांगलेलं असतं? २५ लिटरच्या गिझरमध्ये नुसतं पाणीच २५ किलो. टाकी, कॉइल, बाहेरचं आवरण धरलं की एकूण भार ३५ किलोच्या आसपास जातो, आणि तो पेलतात करंगळीपेक्षा बारीक दोन-चार बोल्ट. पलीकडच्या खोलीत टीव्ही, स्वयंपाकघरात डब्यांनी भरलेली कपाटं, पॅसेजमध्ये पुरुषभर उंचीचा आरसा, बाहेरच्या भिंतीवर एसीचं युनिट. आजच्या फ्लॅटमधला निम्मा संसार भिंतींवरच लटकलेला असतो. तो ज्या इवल्याशा वस्तूच्या जिवावर तिथे टिकतो, ती हार्डवेअरच्या दुकानात दोन-चार रुपयांना मिळते आणि बहुतेकदा खोक्यातच फुकट येते. तिच्याबद्दलच्या या गोष्टी. काही थक्क करणाऱ्या आहेत, काही जीव वाचवणाऱ्या.

विटेला आटे धरत नाहीत

लाकडात स्क्रू पिळला की त्याचे आटे तंतू कापत आत शिरतात आणि घट्ट बसतात. विटेचं तसं नाही. वीट ठिसूळ असते, आटे तिला कापत नाहीत, तिचा भुगा करतात. म्हणून मध्ये गिट्टी, म्हणजे भोकात बसणारा छोटा प्लग, लागते. स्क्रू आत शिरतो तशी गिट्टी फुगते, भोकाच्या कडांवर चहूबाजूंनी दाब देते आणि त्या दाबातून जे घर्षण तयार होतं, तेच तुमचं कपाट धरून ठेवतं.

एवढं कळलं की पुढचे अर्धे नियम आपोआप कळतात. ६ मिलिमीटरच्या गिट्टीला ६ मिलिमीटरचंच बिट. एक मिलिमीटर मोठं भोक म्हणजे दाब गेला, दाब गेला म्हणजे पकड गेली. ड्रिल धरणारा हात डगमगला तर भोक लांबट होतं, आणि गोल गिट्टी लांबट भोकात दोनच बाजूंना टेकते. भोक मोठं झालं म्हणून त्यात काडेपेटीच्या काड्या खुपसणं हा तर आपल्याकडचा घरोघरीचा उपाय. कॅलेंडरपुरता तो चालेलही. पण काडी दबते, सुकते, आकसते; तिच्या भरवशावर आरसा टांगू नये. मोठं झालेलं भोक मोठी गिट्टी मागतं. तेवढी द्यावी.

संग्रहालयाची अट, तागाचं उत्तर

गिट्टीच्या आधी काय होतं? आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये अजूनही दिसतं ते: सागवानाचा चौकोनी ठोकळा. छिन्नी-हातोडीने भिंतीत खड्डा करायचा, ठोकळा सिमेंटमध्ये बसवायचा, सिमेंट वाळलं की त्यात स्क्रू पिळायचा. ठोकळा साधारण दोन इंच लांब आणि हटकून निमुळता. रुंद टोक आत, अरुंद टोक बाहेर. ओढलं तर तो आणखी अडकतो. फार हुशारीचं काम, पण एका पट्टीसाठी भिंत फोडायची आणि दोन दिवस थांबायचं.

लंडनमध्ये साधारण १९१० च्या सुमारास जॉन जोसेफ रॉलिंग्ज या कंत्राटदाराकडे ब्रिटिश म्युझियमचं विजेच्या फिटिंगचं काम आलं. अट अशी की भिंतींची नासधूस नको आणि बसवलेलं काही डोळ्यांत खुपायला नको. रॉलिंग्जनी तागाचे तंतू घेतले, ते सरस आणि जनावराच्या रक्तात भिजवून कडक केले आणि त्यांची छोटी नळी बनवली. बारीक भोक, त्यात नळी, नळीत स्क्रू. १९११ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१९ मध्ये कंपनीचं नावच या नळीवरून ठेवलं: रॉलप्लग. आपल्याकडचे जुने वायरमन दुकानात ‘रावल प्लग’ मागतात, ते हेच. त्या काळी जगातला बहुतेक सगळा ताग एकट्या बंगालमध्ये पिकत होता.

रॉलिंग्जच्या वेळी विजेचं ड्रिल घरोघरी नव्हतं. त्यांच्या पेटीत पोलादी पहारीसारखं छोटं हत्यार असे. हातोडीचा एक ठोका, मग हत्यार थोडं फिरवायचं, परत ठोका. आज हॅमर ड्रिल नेमकं हेच करतं, फक्त मिनिटाला हजारो वेळा.

टुमलिंगेनच्या शिंप्याचा मुलगा

तागाची नळी प्लास्टिकची झाली त्यामागे आर्टुर फिशर हा माणूस आहे. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये टुमलिंगेन नावाचं खेडं, तिथल्या शिंप्याच्या घरी १९१९ चा जन्म, शिक्षण कुलपं-किल्ल्या बनवण्याचं. १९४९ मध्ये त्यांना लहानग्या मुलीचा घरात फोटो काढून हवा होता. तेव्हाचा फ्लॅश दोरी ओढून पेटवावा लागे, त्यात फोटोचं जमेना. फिशरनी कॅमेऱ्याचं बटण दाबताच पेटेल असा फ्लॅश स्वतःच बनवला, आणि त्या फ्लॅशने त्यांचा धंदा उभा राहिला.

१९५८ मध्ये त्यांनी नायलॉनचा एक तुकडा घेतला, त्याला मधून चीर दिली, बाहेरून दाते आणि दोन बाजूंना छोट्या जिभा ठेवल्या. चिरेमुळे तो फुगतो, दात्यांमुळे मागे सरकत नाही, जिभांमुळे स्क्रूबरोबर गोल फिरत नाही. गिट्टी भोकात नुसतीच गरागरा फिरते तेव्हा किती चिडायला होतं हे ज्यांनी अनुभवलंय, त्यांना त्या दोन जिभांची किंमत कळेल. ओल लागली तर ताग कुजतो, नायलॉन कुजत नाही. आज जगभरच्या भिंतींत जी राखाडी गिट्टी दिसते तिचं घराणं हेच.

फिशर तिथे थांबले नाहीत. मुलांसाठी यंत्रं जोडण्याचा खेळ केला, मोडलेली हाडं सांधण्यासाठी गिट्टीच्याच तत्त्वावर प्लग केले. पेटंटं आणि नोंदवलेल्या छोट्या रचना मिळून त्यांच्या नावावर ११०० हून जास्त नोंदी आहेत. एडिसनची अमेरिकेतली पेटंटं १,०९३. २०१४ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने फिशरना जीवनगौरव दिला आणि २०१६ च्या जानेवारीत, ९६ व्या वर्षी ते गेले.

भुकटीचा रंग बघा

माझ्या मते घरात ड्रिल चालवणाऱ्या प्रत्येकाने शिकावी अशी एकच गोष्ट असेल तर ती ही. भोक पाडताना खाली पडणारी भुकटी भिंतीच्या पोटात काय आहे ते सांगते. सुरुवातीला करडी पावडर येते, तो गिलावा. आतल्या भिंतींचा गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाड असतो आणि त्याचा भार पेलण्याशी काडीचा संबंध नाही. ३० मिलिमीटरची गिट्टी घेतलीत तर तिचा निम्मा भाग गिलाव्यातच वाया जातो. जड वस्तूला लांब गिट्टी लागते ती यासाठी. गिट्टी अख्खीच्या अख्खी गिलाव्याच्या पलीकडे बसायला हवी.

पुढे लाल भुकटी आली तर वीट. छान. लाल येता येता मध्येच परत करडी झाली तर बिट दोन विटांमधल्या सांध्यात शिरलं. सांध्यातला मसाला कधी चांगला असतो, कधी नुसती वाळू. त्यावर गिझर सोपवू नये. दीड इंच वर किंवा खाली सरका, विटेचा मधला भाग सापडेल.

भुकटी करडी, बारीक, आणि ड्रिल पुढे जायलाच तयार नाही? तर तो आरसीसीचा कॉलम किंवा बीम. टांगण्यासाठी याच्याइतकी भक्कम जागा घरात दुसरी नाही. मात्र बिट लोखंडाला लागून किंचाळायला लागलं तर तिथेच थांबा आणि भोक बाजूला घ्या. ती सळई तुमच्या मजल्याचं आणि वरच्या मजल्यांचंही वजन वाहते आहे.

आणि भुकटी पांढुरकी, मऊ, बिट लोण्यात गेल्यासारखं सरसर आत? मग ते सिपोरेक्स. गेल्या काही वर्षांत झालेल्या इमारतींत राहत असाल तर हीच शक्यता जास्त.

पाण्यावर तरंगणारी भिंत

सिपोरेक्स म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी भरलेलं हलकं काँक्रीट. १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये योहान आक्सेल एरिकसन या संशोधकाने ते सिद्ध केलं. चुना, सिमेंट आणि वाळू किंवा राखेच्या काल्यात चिमूटभर अॅल्युमिनियमची पूड टाकतात. तिची चुन्याशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, लाखो बुडबुडे तयार होतात, काला फुगून वर येतो. मग ठोकळे कापून दाबाखालच्या वाफेत शिजवतात. हायड्रोजन उडून जातो, जागा हवेची होते. पुण्यात १९७० च्या दशकातच याचा कारखाना निघाला, आणि ब्रँडचं नाव मालालाच चिकटलं. आता ब्लॉक कुठल्याही कंपनीचा असो, साइटवर त्याला सिपोरेक्सच म्हणतात.

घनमीटरला त्याचं वजन साधारण ६०० किलो. पाण्याचं १००० किलो. म्हणजे हा ठोकळा हौदात टाकला तर तरंगतो! काँक्रीट याच मापाला २४०० किलो भरतं. इमारतीवरचा भार कमी होतो, घर थोडं गार राहतं, सगळं खरं. पण दाब सोसण्याची ताकद चौरस मिलिमीटरला ४ न्यूटनच्या आसपास, आणि साध्या एम २५ काँक्रीटची २५. विटेसाठी बनवलेली छोटी गिट्टी इथे फुगते तेव्हा भिंतीवर दाब बसण्याऐवजी बुडबुड्यांच्या नाजूक भिंती चिरडल्या जातात. गिट्टी घट्ट बसल्यासारखी वाटते आणि महिनाभराने कपाट एका अंगाला कलतं.

उपाय आहेत आणि सोपे आहेत. हॅमर बंद करून, नुसत्या फिरत्या ड्रिलने भोक पाडायचं. सिपोरेक्ससाठी रुंद मळसूत्री पंखांची वेगळी गिट्टी मिळते, ती मागून घ्यायची. गिझर, वॉश बेसिन, टीव्हीचा हात यांसाठी भोकात कडक होणारं रसायन भरून बोल्ट बसवायचा किंवा भिंतीतून आरपार बोल्ट काढून मागे रुंद पट्टी द्यायची. लोखंडी अँकर फास्टनर, म्हणजे कसला की फुगणारा बोल्ट, जो काँक्रीटमध्ये राजा असतो, तो सिपोरेक्समध्ये ठोकून कसायचा नाही. तो ठोकळाच फोडतो.

जांभा, काळा दगड, जिप्सम

कोकणात आणि गोव्यात गोष्ट आणखी वेगळी. जांभ्याचा चिरा खाणीतून कापताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होत जातो. पण त्याच्या अंगभर पोकळ्या असतात, काही रिकाम्या, काही पिवळ्या मातीने भरलेल्या. ड्रिल मजेत चाललेलं असतं आणि अचानक सटकन आत जातं. तिथे गिट्टी बसवली तर ती हवेत फुगते. चार इंच बाजूला नवं भोक घ्या, किंवा जाळीच्या नळीतून रसायन भरा. ते पोकळीत पसरून आतल्या आत अडकून बसतं.

देशावरच्या वाड्यांत काळा पाषाण भेटला तर दगडाची ताकद प्रश्नच नाही, बिटचीच परीक्षा. टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा असलेलं चांगलं बिट घ्या. पण अशा भिंती पुष्कळदा बाहेरून दगड आणि आतून माती-चुन्याचा भरणा अशा असतात. दगडातच थांबा, भरण्यावर विसंबू नका.

ऑफिसांतून घरांत आलेलं जिप्समचं पार्टिशन म्हणजे अर्धा इंच जाडीची पाटी आणि मागे पोकळी. इथे गिट्टीला फुगून दाबायला पुरेशी जाडीच नाही. म्हणून स्प्रिंगचे पंख असलेला बोल्ट मिटून आत घालतात. पलीकडे गेला की पंख छत्रीसारखे उघडतात आणि मागून पाटीला धरतात. फ्रेम, घड्याळ, हलका आरसा यांना तो पुरतो. जड वस्तू मात्र मागच्या पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांवरच हवी. त्या शोधायला यंत्र लागत नाही. फ्रिजवरचं लोहचुंबक भिंतीवरून हळूहळू फिरवा. पाटीचे स्क्रू जिथे लपलेत तिथे ते चिकटतं, आणि एका ओळीत चार-पाच ठिकाणी चिकटलं की पट्टी सापडली. आणि पीओपीच्या फॉल्स सीलिंगला स्वतःचंच वजन पुरे झालेलं असतं. पंखा, झुंबर, काहीही असो, त्याची सळई वरच्या स्लॅबपर्यंत गेलीच पाहिजे.

दुप्पट खोल, पावणेतीनपट मजबूत

काँक्रीटमधला फास्टनर ताकदीने उपटला तर तो एकटा येत नाही. त्याच्याबरोबर काँक्रीटचा शंकूच्या आकाराचा तुकडा निघतो, तोंडाशी पसरट, आत निमुळता. फास्टनर जितका खोल, त्याच्या साधारण दीडपट अंतरापर्यंत चहूकडे हा शंकू पसरतो. यातून एक सुरेख हिशेब निघतो: खोली दुप्पट केली तर ताकद दुप्पट होत नाही, जवळजवळ २.८ पट होते. चार सेंटिमीटरऐवजी आठ. लांब बोल्टवर खर्च केलेले दहा रुपये यापेक्षा चांगले वसूल होणार नाहीत.

दुसरा हिशेब उलटा. दोन फास्टनर फार जवळ घेतले तर त्यांचे शंकू एकमेकांत घुसतात आणि दोघांची मिळून ताकद दीडाचीच राहते. पाच सेंटिमीटर खोल असतील तर दोघांत १५ सेंटिमीटर अंतर हवं, आणि भिंतीच्या कडेपासून साडेसात. जास्त भोकं म्हणजे जास्त मजबुती, हे इथे खरं नाही.

एक सावधगिरी: हे जाड काँक्रीटचं गणित आहे. घरातल्या आतल्या भिंती बहुतेक चार इंचीच असतात. तिथे आठ सेंटिमीटर खोल जायचा मोह धरला तर पलीकडच्या खोलीत गिलाव्याची खपली पडते.

टीव्हीचा लांब हात

टीव्ही पुढे ओढता येतो असे फिरते स्टँड आता घरोघरी आहेत. १५ किलोचा टीव्ही, स्टँडच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये २० सेंटिमीटर अंतर. टीव्ही भिंतीला टेकवून, ८ सेंटिमीटरवर असताना वरच्या बोल्टवर बाहेर ओढणारा जोर सहा किलोचा. तोच टीव्ही भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर ओढा: ३४ किलो! वजन तेच, टीव्ही तोच. पुस्तकांच्या फळीचंही हेच. जाडजूड कोश भिंतीकडे आणि कवितासंग्रह कडेला ठेवले, तर वरच्या स्क्रूवरचा ताण खरोखर कमी होतो. खालचे स्क्रू जवळजवळ बसूनच असतात. सगळी लढाई वरची जोडी लढते. चांगल्या गिट्ट्या दोनच असतील तर त्या वर लावा.

दोरीवर टांगलेल्या आरशाची गंमत अशीच. १० किलोचा आरसा, दोन टोकांना बांधलेली दोरी, मधे खिळा. दोरी चांगली ढिली, आडव्या रेषेशी ६० अंशांवर असेल तर तिच्या प्रत्येक बाजूवर सहा किलोपेक्षाही कमी ताण. ३० अंशांवर दहा किलो. आणि खिळा दिसू नये म्हणून दोरी ताणून १० अंशांवर आणली, की जवळजवळ २९ किलो. आरशाच्या मागचे हूक उपटून येतात ते या हौसेपायी. जड आरशाला सरळ दोन हूक द्यावेत, दोरीच नको.

झोपाळा, पाळणा आणि पंख्याचा हूक

झोपाळ्यावर नुसतं बसणं वेगळं आणि झोका घेणं वेगळं. ६० अंशांवरून सुटलेला झोका अगदी तळाशी येतो तेव्हा कड्यांवर वजनाच्या बरोबर दुप्पट भार पडतो. ४५ अंशांवरून दीडपटीहून थोडा जास्त, ३० वरून सव्वापट. दोन मोठी माणसं आणि सागवानी पाट धरून १८० किलो असतील तर मोठ्या झोक्याला ३६० किलो. शिवाय हा भार पुन्हा पुन्हा येतो आणि जातो. जुन्या वाड्यांत झोपाळ्याच्या कड्या जाड लाकडी तुळईला असत, त्यामागे पिढ्यांचा अनुभव होता. फ्लॅटमध्ये झोपाळा हवा असेल तर त्याची जागा बीमला आहे आणि ती इंजिनिअरला दाखवूनच ठरवावी.

आणि कळकळीची विनंती: बारशाचा पाळणा असो की हौसेची वेताची खुर्ची, ती पंख्याच्या हुकाला अडकवू नका. पंखा चार-पाच किलोचा असतो. तो हूक कोणी, कधी, किती खोल बसवला हे आपल्याला माहीत नसतं, आणि पाळण्यात बाळ असतं.

घोरपड की पाल?

तानाजी मालुसरे यांच्या सिंहगडच्या मोहिमेची, १६७० सालची, पोवाड्यातली गोष्ट मराठी मुलाला दुधाबरोबर मिळते. यशवंती घोरपड कडा चढली, तिच्या दोराने मावळे वर गेले. समकालीन कागदांत तिचा पुरावा नाही, पण ती कशावर विसंबली असती हे प्राणिशास्त्र सांगतं: नखांवर. घोरपड खडकाच्या फटीत नखं रोवते, अडकते, आणि ओढलं तर आणखी घट्ट धरते. पालीचं सगळंच निराळं. तिच्या पावलांवर लाखो सूक्ष्म केस असतात आणि ते भिंतीच्या इतके जवळ जातात, की रेणूरेणूंमधलं दुबळं आकर्षणही एकत्र येऊन तिला काचेवर धरून ठेवतं. संशोधक केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००० आणि २००२ मध्ये हे मोजून दाखवलं.

आपल्या सामानातही ही दोन घराणी आहेत. गिट्टी आणि फास्टनर घोरपडीच्या घराण्यातले. चिकटणारे हूक आणि पट्ट्या पालीच्या. चिकटा हूक स्वतः कितीही उत्तम असला तरी तो डिस्टेंपरच्या पापुद्र्याला चिकटलेला असतो, भिंतीला नव्हे. किल्ल्या, टोपी, कापडी पिशवी यांपुढे त्याला नेऊ नये.

घोरपडीच्या घराण्याची सर्वांत धाडसी माणसं म्हणजे गिर्यारोहक. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या शिपरॉक या सुळक्यावर डेव्हिड ब्राउअर आणि साथीदारांनी खडकात भोकं पाडून फुगणारे बोल्ट बसवले, तो तिथल्या गिर्यारोहणातला पहिला प्रयोग मानतात. आपल्या लिंगाण्यावर, जीवधनजवळच्या वानरलिंगीवर चढणारे आज अशाच बोल्टवर दोर अडकवतात. तत्त्व तुमच्या भांड्यांच्या मांडणीमागचंच, फक्त खाली दरी असते.

छत कोसळलं तेव्हा

१० जुलै २००६ च्या रात्री बॉस्टनमधल्या एका नव्या बोगद्यात छताच्या काँक्रीटच्या पाट्या एका मोटारीवर कोसळल्या. सुमारे २६ टन. एका महिलेचा जीव गेला. पाट्या टांगल्या होत्या त्या काँक्रीटमध्ये इपॉक्सी या रसायनाने चिकटवलेल्या बोल्टवर. हे बोल्ट बसवताना ओढून तपासले होते आणि पास झाले होते. तपासात कळलं की वापरलेलं इपॉक्सी झटपट कडक होणाऱ्या जातीचं होतं. थोडा वेळ मोठा भार ते सहज सोसतं, पण दिवसरात्र खाली ओढणारा भार असेल तर मुंगीच्या पावलांनी ताणत जातं. २ डिसेंबर २०१२ ला जपानमधल्या सासागो बोगद्यात छत पडलं. १९७७ चा बोगदा, तिथेही चिकटवलेले बोल्ट, नऊ माणसं गेली.

घरासाठी यातून दोन गोष्टी घ्यायच्या. छताला सतत लटकणारं काहीही नुसत्या चिकटवण्याच्या भरवशावर ठेवू नये. आणि रसायनाचा बोल्ट भिंतीत बसवताना भोक आधी स्वच्छ हवं. भुकटी राहिली तर रसायन भिंतीला धरतच नाही, भुकटीला धरतं. फुंकर पुरत नाही; ब्रश फिरवा, हवा मारा, परत ब्रश, परत हवा. कारागीर घाईत असेल तर आपण शेजारी उभं राहून हे करून घ्यावं. त्याला राग आला तरी चालेल.

जमिनीवरचं कपाटही टांगायचं असतं

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण भिंतीतल्या गिट्टीचा सगळ्यात मोलाचा उपयोग जमिनीवर उभ्या असलेल्या सामानासाठी आहे. लहान मूल खणांच्या कपाटाचे दोन-तीन खण ओढतं आणि त्यांचीच शिडी करून चढायला लागतं. खण बाहेर आले की कपाटाचं वजन पुढे झुकतं, त्यात मुलाचं वजन, आणि कपाट तोंडावर पडतं. मुलांचे मृत्यू झाल्यावर आयकियाने २०१६ मध्ये अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटं परत बोलावली. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे अशी कपाटं सहज न उलटणारी असलीच पाहिजेत असा कायदा झाला. भूकंपांच्या देशात, जपानमध्ये, अलीकडच्या मोठ्या भूकंपांतले ३० ते ५० टक्के जखमी हे पडलेल्या किंवा सरकलेल्या सामानामुळे जखमी झाले होते, असं टोकियोचं अग्निशमन दल सांगतं. ११ डिसेंबर १९६७ चं कोयना आणि ३० सप्टेंबर १९९३ चं किल्लारी पाहिलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको.

उपाय दोन एल पट्ट्या, स्क्रू आणि गिट्ट्यांचा. कपाटाच्या वरच्या कडेला, भिंतीशी. घरात रांगणारं किंवा चढणारं मूल असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी हे काम करा.

ड्रिल हातात घेण्याआधी झटपट

स्विचच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक नको. वायरी तिथूनच धावतात. नळाच्या वरचंही तसंच.

बिटला हव्या त्या खोलीवर रंगीत टेप गुंडाळा. टेप भिंतीला टेकली की थांबायचं.

टाइलवर आधी चिकटपट्टीची फुली, म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद. पार झाली की चालू.

डोक्याच्या वर भोक पाडताना चष्मा. साधा नव्हे, बाजू झाकलेला.

गिट्टीवर अंगठा दाबला आणि ती विनासायास आत गेली तर भोक मोठं आहे. हातोडीचे दोन-तीन हलके ठोके लागले तर बरोबर.

पाकिटावरचा किलोंचा आकडा कुठल्या भिंतीसाठी दिलाय ते पाहा. बहुतेक वेळा तो काँक्रीटचा असतो.

गिझर किंवा कपाट बसवल्यावर त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने एक बारीक रेघ मारून ठेवा. महिन्याने पाहा. वस्तू रेघेखाली सरकली असेल तर भिंत सोडायला लागली आहे.

आणि भाड्याचं घर सोडताना? गिट्टी उपटायला भिंत खरवडू नका. स्क्रू तिच्यात अर्धाच पिळा, त्याचं डोकं पक्कडीत धरा आणि सरळ आपल्याकडे ओढा. स्क्रूबरोबर गिट्टी अख्खी बाहेर येते. भोक ओल्या ब्रशने पुसून घ्या, व्हाइट सिमेंट किंवा पुट्टी दोन थरांत भरा, पहिला थर वाळल्यावरच दुसरा, कारण वाळताना ती आकसते. वरून पॉलिश पेपर आणि रंगाचा एक हात दिला, की घरमालकाला भोक कुठे होतं ते शोधावं लागतं.